ढालीवरचा चौथा खण

दादा, तो बोर्ड कालपर्यंत माझ्या सोफ्यामागेच होता. तोंड भिंतीकडे करून. तू तसा ठेवला नव्हतास, तू जिना उतरत असतानाच मी तो उलटा केला होता. मी तो सरळ केलाच नाही. काल तुझा दहावा झाला.

मला रडू येत नाहीये. हे तुलाच सांगते, कारण बाकी सगळे "रडून घे शुभा, मोकळी हो" म्हणून मागे लागलेत. रडणं काय नळ आहे, सोडला की आला? आणि आपल्याकडे नळाला तरी कुठे धड पाणी येतं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर होते. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "बरं." बरं म्हटलं मी, दादा! मग हातातलं चलान पूर्ण भरलं, शिक्का मारला, पेनाला टोपण लावलं आणि पर्स घेऊन उठले. रिक्षात बसल्यावर डोक्यात काय होतं, तर सकाळी भिजत घातलेले मूग. ते आंबतील, कोणाला तरी काढायला सांगायला हवं. तुझं जेसल पार्क येईपर्यंत मी मुगांचाच विचार करत होते.

तुला पाहिलं तेव्हाही काही झालं नाही. तुझ्या उजव्या अंगठ्याच्या नखात पांढरा रंग होता. प्रायमर. तो कुठला ते मला माहीत होतं, आणि वहिनी रॉकेलचा बोळा घेऊन तो काढायला बसली, तेव्हा मी म्हटलं, राहू दे.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी तुझ्याकडे येऊन मी सांगितलं होतं की मी मुलगी दत्तक घेतेय, साडेपाच वर्षांची. लग्न केलेलं नाही, वय चाळीस, सिल्व्हर पार्कात वन रूम किचन, आणि म्हणे मुलगी आणते. तू वाटीतली आमटी भुरकत होतास. तू काय म्हणालास ते माझं पाठ आहे. "घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं." मग म्हणालास, "लोक तान्हं आणतात, तू एकदम शाळेतलंच आणतेयस?" आणि शेवटी, आईच्या देखत, "नाव लाव बाई आपलं, नावाला काय. पण कुळ कसं लावणार? ते काय रेशन कार्ड आहे, तहसीलला जाऊन चढवायला?"

तुझ्या जिभेला हाड नव्हतं कधीच. मी ताट तसंच ठेवून उठले.

पण संस्थेतल्या बाईंना एका नातेवाइकाची सही हवी होती, मला काही झालं तर मुलीला बघेन म्हणून. मी तुला विचारलं नव्हतं. वहिनीने सांगितलं असणार. तू आपणहून आलास, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलास आणि सही केलीस. त्या बाई म्हणाल्या, किती सुंदर अक्षर आहे तुमचं. तू म्हणालास, "पेंटर आहे." बस्स, एवढंच. तेव्हा थँक्यू म्हणायला हवं होतं, मी रागात होते. आता म्हणते. थँक्यू, दादा.

तर पिंकी आली. कागदावर नाव पिंकी, मी ते बदललं नाही. "पिंकी काय नाव आहे? कुत्रीचं ठेवतात," हे तुझं. मी म्हटलं, तिच्याजवळ स्वतःचं असं तेवढंच आहे, ते काढून घेऊ का? त्यावर तू तिला पिंकी म्हणायचंच टाळलंस. पाहुणी म्हणायला लागलास. "काय पाहुणी, जेवलात का? पाहुणीला पापड दे गं." सकाळची शाळा सुटली की व्हॅन तिला तुझ्याकडे सोडायची आणि मी कारखान्यातून सुटून तिला न्यायला यायचे, त्यामुळे रोज दुपारभर ती तुझ्या आणि आईच्या ताब्यात. रोज ऐकायची ती हे पाहुणी. मी दोनदा सांगितलं, दादा, बंद कर. "मस्करी गं. तुझ्या नाकाला लगेच मिरच्या झोंबतात." झोंबायच्याच. तू अजून तिला पोचवायला परतीची गाडी बघतोयस असं वाटायचं मला.

तिची ती सवय तुला आठवते ना? प्रत्येक वस्तूकडे बोट करून विचारायची, "हे कोणाचं?" बादली कोणाची, उशी कोणाची, चमचा कोणाचा. संस्थेत सगळं सगळ्यांचं, म्हणजे कोणाचंच नाही. माझ्याकडे आल्यावर पहिले तीन महिने हाच प्रश्न. मी दरवेळी म्हणायचे, आपलं.

माझ्या मागच्या गल्लीतल्या त्या कॉम्प्लेक्सच्या गेटचं काम तुझ्याकडे होतं. फ्लेक्स आले आणि तुझे दुकानांचे बोर्ड गेले. तीस वर्षं अख्ख्या भाईंदरला मराठी, गुजराती, इंग्रजी अक्षरं काढून दिलीस आणि एका वर्षात मशीनने तुला घरी बसवलं. पण सिमेंटचे सिंह मशीनला रंगवता येत नाहीत. दर दिवाळीच्या आधी त्या गेटवरच्या दोन सिंहांना आणि त्यांच्यामधल्या ढालीला सोनेरी रंग द्यायचा, ते तुझंच काम. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असा तो कॉम्प्लेक्स. गेटवर सिंह आणि आत पाण्याचा टँकर. गेल्या दिवाळीत आम्ही दोघी भाजी घेऊन येताना तू शिडीवर होतास.

पिंकीने विचारलं, "मामा, हे कोणाचं?"

"बिल्डरचं."

"काय आहे?"

"ढाल. म्हणजे त्यांच्या घराण्याची खूण. राजेलोकांची असते तशी."

"बिल्डर राजा आहे?"

तू हसलास. शिडी हलली, वॉचमन ओरडला, "अरे पेंटरबाबू, संभाल के." आणि मग ती म्हणाली, "आपलं कुठाय?"

आपलं. मी तुझ्याकडे बघत होते. तू ब्रश डब्याच्या काठाला पुसलास, दोन्ही बाजू नीट पुसल्यास, आणि म्हणालास, "करू. बनवू आपलं."

त्यानंतर महिनाभर तू वेड्यासारखा झालास. वहिनी म्हणायची, पगार असल्यासारखं सकाळी नऊला बसतात. बारा एमेमचं प्लायवूड आणलंस, ढाल कापून घेतलीस, घासलीस. खडूची दोरी मारून चार खण पाडलेस. पहिल्यात गावच्या घरामागचा फणस. दुसऱ्यात स्टीलचा तांब्या, कारण भाऊंनी, आपल्या वडिलांनी, इथे येऊन जन्मभर तांबे पॉलिश केले आणि आता मी ते डिस्पॅच करते. तिसऱ्यात तुझे दोन ब्रश, एकमेकांवर तिरपे. बाजूला सिंह हवेत म्हणून पिंकी हटून बसली. तू म्हणालास, आपल्या बिल्डिंगीत सिंह नाहीत, मांजरं आहेत. दोन मांजरं काढलीस, मागच्या पायांवर उभी, ढाल धरलेली. एक जरा तिरळं आहे. खाली रिबिनीवर काहीतरी थोर लिहायचं असतं म्हणालास, तर ही म्हणाली, बोर्ड दाराबाहेर लावायचा ना, मग लिही, चप्पल बाहेर काढावी. आणि तू खरंच लिहिलंस. शेडिंग देऊन! माझ्या उभ्या आयुष्यात मी तुला इतका हसताना बघितला नव्हता.

राहिला चौथा खण. तिथे देवक, हे तू सुरुवातीलाच सांगितलं होतंस. लग्नाच्या वेळी प्रत्येक घराण्याचं आपलं एक झाड, एक पान पूजायला बसवतात, ते ज्याचं जे असेल ते. कुळाची खरी खूण तीच, बाकी सगळी सजावट, असं तुझं म्हणणं. आपलं नेमकं कुठलं, ते विचारायला गावी फोन लावलेस. बाबूकाका म्हणाले कळंब. चुलतभाऊ म्हणाला मोरपीस. तू म्हणालास, ते जाऊ दे, माझ्या लग्नात भाऊंनी जी डहाळी आणून बसवली होती ती मला डोळ्यासमोर दिसते. आणि त्या आठवणीवरून तू पान काढलंस, शीर न् शीर. फार सुंदर काढलं होतंस.

पण त्या खणाला तू बाकीच्यांपेक्षा जाड काळी चौकट मारलीस. मी विचारलं, ही कशाला? तू म्हणालास, "हे बघ शुभे, रागावू नको. हा खण आपला. बाकीचे तीन तिचेही. देवक रक्ताने येतं. उद्या कोणी विचारलं तर खोटं नको."

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. माझंही लग्न झालं नाही, मग माझ्यासाठी कुठे कोणी देवक बसवलं, मीसुद्धा चौकटीबाहेरच का, असंही बोलले. आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तिला म्हटलं, तू तरी सांग याला. ती सोलतच राहिली. त्या दिवसापासून आपलं बोलणं बंद. पिंकी रोज तुझ्याकडे यायची, मी जिन्याखालून हाक मारून तिला घेऊन जायचे.

पुढचं मला वहिनीने फोनवर सांगितलं. आई तुझ्या पानाजवळ चष्मा लावून बसली म्हणे. म्हणाली, "हे काढलंयस ते कळंबाचं न्हाय. उंबराचं हाय."

तू म्हणालास, माझ्या लग्नात हेच होतं.

"होतंच. तुझ्या बापाला देवक आठवलंच न्हाय आयत्या वेळी. इथल्या बाजारात त्या फुलवाल्या भय्याला विचारायला गेला. त्याने दिलंन. म्हणाला, शादी का है ना, सब मराठी लोग यही ले जाते हैं."

"मग आपलं खरं देवक कुठलं?"

"मला काय ठावं? मी बाहेरून आलेली तुमच्यात. माझ्या लग्नात मान खाली, डोक्यावर पदर. कोणी दाखवलंन?"

मी फोनवर इतकी हसले की वहिनी घाबरली. फुलवाल्याचं देवक! त्यावर तुझा संसार झाला, निखिल झाला, तो बारावीला गेला. मला वाटलं, आता तरी दादाचं डोकं ताळ्यावर येईल. आता फोन करेल.

तू फोन नाही केलास. त्या शेवटच्या रविवारी सरळ बोर्ड खांद्यावर घेऊन आलास. तीन जिने चढलास. घामाने शर्ट चिकटला होता आणि तू छातीवर हात ठेवून दारात जरा थांबलास. तेव्हा मला कळायला हवं होतं का? डॉक्टर म्हणाले की कदाचित काहीच करता आलं नसतं. ठीक आहे. ते म्हणतात तर ठीक आहे. पिंकी खाली खेळत होती. तू बोर्ड सोफ्याला टेकवलास, वरचा पेपर काढलास, आणि मी बघितलं तर चौथा खण कोरा. पान नाही. जाड चौकटही नाही. नुसता पांढरा प्रायमर.

मी विचारलं, "हे काय?"

तू म्हणालास, "तिथे काय ते अजून ठरायचंय."

"पान होतं ना?"

"पुसलं."

माझं डोकंच फिरलं, दादा. मला एकच दिसलं, की फुलवाल्याने दिलेलं पानसुद्धा तुला तिला द्यायचं नव्हतं. पुसून टाकलंस, पण दिलं नाहीस. मी म्हटलं, "तुझ्या मनात तिच्यासाठी जेवढी जागा आहे, तेवढीच काढलीयस बरोबर. कोरी." तू म्हणालास, "अगं शुभे, ऐक तर." मी म्हटलं, "दोन वर्षं ऐकतेय. पाहुणी, पाहुणी. घेऊन जा तुझा बोर्ड." गॅसवर चहा उकळत होता, दोन कप. तू बोर्ड नेला नाहीस. चप्पल घातलीस, "येतो" म्हणालास आणि गेलास. चहा मी बेसिनमध्ये ओतला.

गुरुवारी फोन आला आणि मी म्हटलं, बरं.

काल सकाळी खाडीवर गेलो. निखिलने पिंड ठेवला. टक्कल केल्यावर तो अगदी तुझ्यासारखा दिसतो, कान पुढे आलेले. आम्ही बायका जरा मागे उभ्या होतो. कावळे होते, चांगले सात-आठ, कंपाउंडच्या भिंतीवर. पण एक खाली येईना. गुरुजी म्हणाले, काही राहिलं असेल त्यांच्या मनात, बोला. वहिनी म्हणाली, निखिलचं शिक्षण मी थांबवणार नाही. कावळा नाही. निखिल म्हणाला, पप्पा, मी आईला बघेन. नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आईला मी माझ्याकडे आणेन, काळजी करू नको. भिंतीवरचा एक उडाला, तो पलीकडे गेला.

मला माहीत होतं काय राहिलंय. मला वाटत होतं की मला माहीत आहे. "दादा, चुकले" एवढं म्हणायचं होतं, ओठांपर्यंत आलं, पण त्या सगळ्यांसमोर तोंडातून निघेना. पाऊण तास झाला. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. मी पिंकीचा हात धरून रिक्षात बसले. काहीच वाटत नव्हतं. उन्हाने डोकं दुखत होतं तेवढं.

गोल्डन नेस्टच्या पुढे रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. पिंकी म्हणाली, "कावळा का नाय आला?"

मी म्हटलं, "मामाच्या मनात काहीतरी राहिलंय म्हणून."

"मला माहितीये काय राहिलंय."

मी तिच्याकडे बघितलं. ती बाहेर, स्कूटरवरच्या कोंबड्यांच्या पिंजऱ्याकडे बघत होती.

"मी मामाला सांगितलंच नाय ना अजून. चौथ्यात काय काढायचं ते. मामाने पान पुसलं आणि मला बोलला, हे फुलवाल्याचं निघालं. आजोबांनी फुलवाल्याकडून घेतलं तर चालतं, म्हणजे देवक घेता येतं. मग तू घे. आपल्या घरात सगळ्यात नवीन तू आहेस, तू बोलशील ते आपलं सगळ्यांचं. मी बोलले, आत्ता नाय सांगत, विचार करून सांगते. तर बोलला, कर, घाई नाय, पण आधी मला सांगायचं, आईला नाय. ती लगेच नाक खुपसते. मी पण नाय सांगणार तिला, शब्द देतो."

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी तिला विचारलं, "अजून काय बोलला मामा?"

"मी विचारलं, मी पाहुणी आहे तर मी कधी जाणार? बोलला, आजी पण पाहुणीच आली होती. गेली का?"

दादा, तू हे मला का नाही सांगितलंस? तीन जिने चढून आलास ना? "अगं ऐक तर" म्हणालास, मग ऐकवायचं होतंस की. ओरडायचं होतंस माझ्यावर. एरवी गप्प बसायचास का तू कधी? एका पोरीला दिलेला शब्द पाळायला म्हणून माझ्याकडून इतकं ऐकून घेतलंस, आणि चहा न पिता गेलास.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "मग काय ठरवलंस? मला सांग, मी करून घेते." ती म्हणाली, "ठरलंय. पण तुला नाय. आधी मामाला." मी म्हटलं, अगं, मामा आता... तिने माझ्याकडे बघितलं, मलाच काही कळत नाही अशा नजरेने. मग सोफा ओढला. तिला तो एकटीला हलत नाही, पण हलवला. बोर्ड सरळ केला. मांजरं, फणस, तांब्या, ब्रश, चप्पल बाहेर काढावी. त्या कोऱ्या खणापाशी तोंड नेऊन, हाताचा आडोसा करून ती काहीतरी पुटपुटायला लागली. बराच वेळ पुटपुटत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. नाक खुपसलं नाही, दादा. ते तुझं आणि तिचं आहे.

म्हणजे तुला आता कळलंय काय काढायचं ते. तिने उद्या मला सांगितलं तर मलाच काढावं लागणार. तुझे ब्रश वहिनीने रॉकेलमध्ये ठेवले होते, ते मी मागून आणले. आणि मला तर साधी रेघ सरळ मारता येत नाही. लहानपणी पट्टी तूच धरायचास ना रे.